अब्बांच्या पेटीतलं रॅचेट

अब्बा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते गेल्यानंतर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. कपाट एकाकडे, घड्याळ दुसऱ्याकडे, शिलाई मशीन भाभीकडे. हिरव्या पत्र्याची हत्यारांची पेटी मात्र अंगणातच राहिली. एक भाऊ मस्कतला, दुसरा भाड्याच्या दोन खोल्यांत. धाकटा म्हणाला, "आपा, पेटी तुम रखो. तुम्हारे घर में जगह है." जागा आहे म्हणून पेटी माझ्याकडे आली. ती वापरायची कुणी, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

पेटीत रिंग पाने, दोन तोंडी पाने, पक्कड, हातोडी, एक छोटा व्हाइस आणि जाड कापडात गुंडाळलेला गोटी सेट होता. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी पोलादी नळी. काही जण तिला सॉकेट किंवा बॉक्स म्हणतात. ती ज्या दांड्यावर बसवून फिरवायची, तेच रॅचेट. लहानपणी आम्हां भावंडांना पेटीतलं हेच एक हत्यार खेळायला मिळायचं, कारण ते आवाज करायचं. एका दिशेने फिरवलं की नट फिरतो, उलट फिरवलं की नुसतंच कर्र-कर्र. अब्बा म्हणत, "आवाज आ रहा है तब तक ज़िंदा है."

ते अर्धंच खरं होतं, हे मला गेल्या जूनमध्ये कळलं.

पाण्याची मोटर जाम झाली होती. टाकी रिकामी, घरी पाहुणे, आणि मोटरवाला म्हणाला, "उद्या बघतो." मी म्हटलं, वरचे चार बोल्ट काढून आत काय अडकलंय ते तरी पाहू. १३ नंबरची गोटी रॅचेटला लावली. बोल्ट गंजलेला. जोर दिला, हलला नाही. मग दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला. आतून 'कट्' असा आवाज आला, दांडा मोकळा सुटला आणि माझी मूठ जिन्याखालच्या लोखंडी अँगलवर आदळली. उजव्या हाताच्या बोटाच्या सांध्यावर तीन टाके पडले. आठ दिवस मी फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होते आणि सहावीची मुलं माझं अक्षर पाहून खूश होती.

अम्मीने सुनावलं, "ये औरतों का काम है क्या?" माझी दहावीतली मुलगी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "नानी, अंगल को क्या मालूम औरत है के मर्द." मी काही बोलले नाही. पण टाके निघाल्यावर दोघींनी मिळून ते रॅचेट उघडलं.

इथे आधी आत काय असतं ते सांगायला हवं, म्हणजे दुकानात गेल्यावर आपल्याला कुणी काहीही गळ्यात मारणार नाही. रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चाक असतं. बाहेर दिसणारा चौकोनी खुंट, ज्यावर गोटी बसते, तो या चाकालाच जोडलेला असतो. चाकाच्या दातांत एक छोटा पोलादी तुकडा अडकतो आणि त्याच्या मागे स्प्रिंग असते. दांडा एका दिशेने फिरवला की तुकडा दाताला धरतो आणि चाक फिरतं. उलट फिरवला की तो दातांवरून घसरत जातो. कर्र-कर्र आवाज तोच. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही हेच असतं. पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून जो टिकटिक आवाज येतो तो याच तुकड्यांचा. सायकलवाले त्याला 'कुत्ता' म्हणतात. दाताला धरतो, सोडत नाही, म्हणून असेल. मला हे नाव इतकं आवडलं की पुढेही मी तेच वापरते.

कल्पना काही नवी नाही. बदलत्या गोट्या लावता येणाऱ्या रॅचेट पान्याचं पेटंट अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जे. जे. रिचर्डसन यांनी १८६३ साली घेतलं. तेव्हापासून आतलं तत्त्व तेच आहे. बदललं ते दातांचं माप, पोलाद आणि घडणीतली सफाई.

उघडताना एक काळजी घ्या. डोक्यावरची झाकणी दोन-तीन स्क्रूंनी किंवा गोल क्लिपने धरलेली असते. ती सुटली की आतली स्प्रिंग आणि एखादी बारीक गोळी टुणकन उडते आणि पुन्हा सापडत नाही. आम्ही कणीक मळायची परात घेतली, तिच्यावर जुनी पांढरी चादर अंथरली आणि त्यात हात ठेवून काम केलं. मुलीने प्रत्येक पायरीवर मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे परत बसवताना कुत्त्याचं तोंड कुठे होतं यावरून भांडण नको.

आत तपकिरीसारखं वाळलेलं ग्रीस होतं. डिझेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासल्यावर चाक स्वच्छ झालं. मुलीने दात मोजले, चोवीस. त्यातले दोन लागोपाठचे दात टोकाला गोल झाले होते आणि कुत्त्याची धार एका कोपऱ्यात तुटली होती. म्हणजे बावीस ठिकाणी ते नीट धरत होतं आणि दोन ठिकाणी दगा देत होतं. आवाज मात्र चोवीसही ठिकाणी येत होता. अब्बांचं वाक्य अर्धंच खरं, ते यामुळे.

ही गोष्ट मी पूर्वी कुठे वाचली नव्हती, म्हणून ठासून सांगते. जुनं रॅचेट तपासायचं तर एकदा जोर देऊन 'धरतंय' म्हणू नका. एखादा घट्ट बोल्ट घ्या; लोखंडी कॉटचाही चालेल. गोटी बसवा, बेताचा जोर द्या, मग एक दात पुढे सरकवा, पुन्हा जोर द्या, असं पूर्ण फेरी करा. मग कळ फिरवून उलट दिशेनेही तेच. दात चोवीस असतील तर चोवीस वेळा. हात अशा ठिकाणी ठेवा की सुटलं तरी समोर भिंत किंवा लोखंड नसेल. एका जरी ठिकाणी सटकलं तरी ते हत्यार कामातून गेलं असं समजा.

पेटीत दुसरं, लहान रॅचेटही होतं. ते तर फिरतच नव्हतं, म्हणून आम्ही ते मेलेलं धरलं होतं. उघडलं तर दात सगळे धारदार आणि कुत्ता शाबूत. फक्त घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये स्प्रिंग अडकली होती. धुतलं, दोन थेंब मशीनचं तेल घातलं आणि ते पुन्हा कर्र-कर्र करू लागलं. इथे एक चूक बहुतेक जण करतात. जुनं ग्रीस काढतात आणि गाडीच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस बोटाने भरतात. त्यामुळे कुत्ता दातांत पूर्ण बसत नाही, अर्धवट धरतो आणि तिथून झीज सुरू होते. पातळ तेल किंवा अगदी हलक्या ग्रीसचा हात पुरतो.

तर एक वाचलं आणि एक गेलं. काही कंपन्या आपल्या रॅचेटचं आतलं सामान, म्हणजे चाक, कुत्ता आणि स्प्रिंग, वेगळं विकतात, हे कळल्यावर मी मोठ्या आशेने रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले. पुण्यातल्या वाचकांना ही गल्ली सांगायला नको. खिळ्यापासून साखळीपर्यंत सगळं तिथे मिळतं. पहिल्या दुकानात मुलाने विचारलं, "किसके लिए चाहिए? भाईसाब को भेज दो ना." मी पुढच्या दुकानात गेले. तिथल्या वयस्कर शेठनी रॅचेट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोकं कानाजवळ धरून दोन वेळा फिरवलं. "बेन, इसका कुत्ता अब नहीं मिलेगा. बनानेवाले ने डिझाइन बदल दिया. दूसरे का डालोगे तो फिर हाथ जाएगा." त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं नव्हतं. फक्त आवाज ऐकला होता.

मग प्रश्न आला, नवं कोणतं घ्यायचं? मस्कतच्या भावाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो म्हणाला, "आपा, मैं यहाँ से पूरा सेट भेजता हूँ, एक सौ आठ पीस." मला सेट नको होता. अब्बांच्या गोट्या अजून ठणठणीत होत्या. त्यांच्यावर आकडे स्पष्ट आणि आतले कंगोरे सरळ होते. दांडा बदलायचा म्हणून सगळा संसार बदलण्यात अर्थ नाही. घरोघरी मी हेच पाहते. एक भाग बिघडतो, नवा डबा येतो आणि जुना डबा तसाच माळ्यावर जातो. दोन वर्षांनी दोन्ही डब्यांत अर्ध्या-अर्ध्या गोट्या उरतात.

दांडा आणि गोट्या जुळण्यासाठी पाहायचं ते चौकोनी खुंटाचं माप. घरगुती कामात तीन मापं येतात: पाव इंच, तीन अष्टमांश इंच आणि अर्धा इंच. जुने कारागीर सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सुती, तीन सुती आणि चार सुती. पाकिटावर कधी ६.३, १० आणि १२.५ मिलिमीटर लिहिलेलं असतं. तीही हीच मापं. दुकानात जाताना आपली एक गोटी पर्समध्ये टाका, म्हणजे वाद उरत नाही. कोणत्या कंपनीचा दांडा कोणत्या कंपनीच्या गोटीला चालेल ही चिंताही नको, कारण खुंटाची मापं सगळीकडे ठरलेली आहेत.

कोणतं माप कशासाठी? पाव इंची रॅचेट स्वयंपाकघरातल्या मिक्सरपासून स्कूटरच्या पत्र्यांपर्यंत, म्हणजे ८ आणि १० नंबरच्या नटांसाठी. अर्धा इंची कारच्या चाकासाठी, मोठ्या पंपाच्या पायासाठी. मधलं तीन सुती हे माझ्या मते घराचं खरं माप आहे. आपल्याकडच्या जपानी धाटणीच्या दुचाकींवर १०, १२, १४ आणि १७ नंबर सतत लागतात, पंप आणि घरगुती यंत्रांवर १३ लागतो. हे सगळं तीन सुतीत आरामात निघतं. बाजारात पाचशे-सातशे रुपयांत जो शेहेचाळीस तुकड्यांचा डबा मिळतो, तो पाव इंची असतो आणि त्यात ४ ते १४ नंबरच्या गोट्या असतात. डबा वाईट नाही. पण १४ नंबरची गोटी आहे म्हणून १४ नंबरचा गंजलेला नट त्या नाजूक दांड्याने काढू पाहाल तर माझ्यासारखे टाके पडतील.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून आकडे देते. या दांड्यांची ताकद तपासण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांत पाव इंची सुमारे ६२ न्यूटन-मीटर, तीन सुती सुमारे २०० आणि अर्धा इंची सुमारे ५१० न्यूटन-मीटर पीळ सोसला पाहिजे असं धरलेलं आहे. आता लहान कारच्या चाकाचा नट घ्या. तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. म्हणजे पाव इंची दांडा तिथे मोडणारच. अर्धा इंचीला तो पीळ काहीच नाही. पण गंजलेला नट सोडवायला आवळण्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, हेही लक्षात ठेवा.

आणि जोर म्हणजे तरी काय? दांडा २५ सेंटिमीटर लांब असेल आणि १०० न्यूटन-मीटर पीळ हवा असेल तर टोकाला ४०० न्यूटन, म्हणजे जवळपास ४० किलो वजनाइतका भार द्यावा लागतो. म्हणून लोक दांड्यावर पाइप चढवतात. लांबी दुप्पट झाली की भार निम्मा होतो, हे खरं. पण तो सगळा पीळ आत नखाएवढ्या कुत्त्यावर येतो. माझ्या अंगाच्या भाराने झालं ते हेच. अब्बांना हे माहीत होतं. जाम नट ते आधी रिंग पान्याने किंवा नुसत्या सरळ दांड्याने सैल करत आणि मगच रॅचेट लावत. बाजारात या सरळ, बिनदातांच्या दांड्याला टी-हँडल किंवा फ्लेक्स हँडल म्हणतात. तो स्वस्त असतो आणि त्यात मोडण्यासारखं फारसं काही नसतं. नवं रॅचेट घेताना त्याच मापाचा असा एक दांडा घ्या, हा या लेखातला सगळ्यात उपयोगाचा सल्ला समजा. गंजलेल्या नटावर रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी निम्मं काम झालेलं असतं.

दातांचा प्रश्न मात्र मला वर्गात नेल्यासारखा वाटला. शेठनी तीन रॅचेट समोर ठेवले: एक चोवीस दातांचं, एक बहात्तर, एक एकशेवीस. मी कंपासपेटीतला कोनमापक आठवला. पूर्ण फेरी ३६० अंशांची. चोवीस दात म्हणजे प्रत्येक दाताला १५ अंश. बहात्तर म्हणजे ५ अंश. एकशेवीस म्हणजे ३ अंश. कुत्त्याने पुढचा दात पकडण्यासाठी दांडा निदान इतका तरी मागे न्यावा लागतो. २५ सेंटिमीटरच्या दांड्याचं टोक १५ अंशांत साडेसहा सेंटिमीटर सरकतं आणि ५ अंशांत दोन सेंटिमीटरच्या थोडं वर. हातपंपाजवळ, मोकळ्या जागी याने काही फरक पडत नाही. पण वॉशबेसिनच्या मागे, स्कूटरच्या इंजिनाशेजारी, जिन्याखाली जिथे मूठ जेमतेम जाते, तिथे साडेसहा सेंटिमीटर मिळतच नाहीत. मग चोवीस दातांचं रॅचेट हातात असूनही निरुपयोगी.

याचा अर्थ जितके दात जास्त तितकं चांगलं, असा मी काढत होते. शेठनी मान हलवली. तेवढ्याच चाकावर दात वाढवले की प्रत्येक दात बारीक आणि उथळ होतो. चांगला कारखाना ती उणीव कुत्ता रुंद करून भरून काढतो, म्हणजे एकाच वेळी बरेच दात पकडले जातात. काही एकशेवीसवाल्यांत तर चाकाला साठच दात असतात आणि दोन कुत्ते अर्ध्या दाताच्या फरकाने बसवलेले असतात. एकदा हा धरतो, एकदा तो. युक्ती हुशारीची आहे, पण घडण चोख लागते. स्वस्तात एकशेवीस मिळत असेल तर मी संशय घेईन. आणि बारीक दातांत कचरा लवकर अडकतो, हेही आहे. घरासाठी बहात्तर पुरेसे. अर्धा इंचीत तर छत्तीस किंवा अठ्ठेचाळीसही चालतील, कारण ते दणकट कामासाठीच बाहेर निघतं.

दुकानात उभ्याउभ्या काय तपासायचं, ते शेठनी दाखवलं. गोटी लावून ती दोन बोटांत अलगद धरायची आणि दांडा उलट फिरवायचा. गोटी बोटांत थांबली पाहिजे आणि दांडा एकटा मागे आला पाहिजे. गोटीही दांड्याबरोबर मागे येत असेल तर ते रॅचेट आतून जड आहे. सैल झालेला नट ते पुढे नेईल आणि तितकाच परत आणेल. तुम्ही फिरवत राहाल आणि नट तिथेच. मग दांडा उलटा धरून झटकायचा. खुंटावरच्या बारीक गोळीने गोटी धरून ठेवली पाहिजे, पडता कामा नये. दिशा बदलायची कळ अंगठ्याने सरकावी, पण तेलकट हात घासला म्हणून आपोआप सरकू नये. हे ऑनलाइन कळत नाही. घरबसल्या मागवण्याला माझा विरोध नाही; पुस्तकं मी तशीच मागवते. पण रॅचेट हातात घेतल्याशिवाय घेऊ नये, निदान पहिलं तरी.

एका दांड्याच्या डोक्यावर मागे बटण होतं. दाबलं की गोटी सुटते, तेलकट हातांनी ओढत बसावं लागत नाही. मुलीला ते फार आवडलं आणि म्हणून मी तिला त्याची गोष्ट सांगितली. १९६३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटर रॉबर्ट्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सीअर्स कंपनीच्या दुकानात विक्रेत्याचं काम करत होता. एका हाताने गोटी सोडवता येईल अशी ही बटणाची युक्ती त्याने काढली आणि पेटंटही मिळवलं. कंपनीने त्याच्याकडून हक्क घेतले, ते जास्तीत जास्त दहा हजार डॉलरच्या बोलीवर. मग त्या रॅचेटची तुफान विक्री झाली. आपल्याला खरी किंमत कळू दिली नाही म्हणून रॉबर्ट्स १९६९ साली कोर्टात गेला. ज्यूरीने त्याला दहा लाख डॉलर द्यायला सांगितले, तरी वाद संपला नाही. प्रकरण तडजोडीने मिटलं ते १९८९ साली. अठराव्या वर्षी सुचलेल्या बटणासाठी माणूस चव्वेचाळिशीपर्यंत भांडला. मुलगी म्हणाली, "अम्मी, त्याने सही करायच्या आधी कुणाला विचारलं नाही का?" मी तिला त्या दुकानातच म्हटलं, हाच प्रश्न लक्षात ठेव.

कुठल्या कंपनीचं, हे विचारणारच तुम्ही. आपल्याच नाशिकची टपारिया आहे, जालंधर आणि लुधियाना तर हातहत्यारांची मोठी केंद्रंच आहेत, परदेशी नावंही भरपूर मिळतात. मी एका नावाचा आग्रह धरणार नाही. दांड्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि माप कोरलेलं असावं, नुसतं स्टिकर नको. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरं आजकाल कशावरही छापतात, त्यांच्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. बिल मात्र पक्कं घ्या. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला बाजारात असतात आणि भाव निम्मा सांगितला की ओळखायचं.

मी तीन सुती, बहात्तर दातांचं, बटणवालं रॅचेट घेतलं. अर्धा इंची गोट्यांसाठी नवं रॅचेट घेतलंच नाही. फ्लेक्स हँडल घेतलं. आमच्या घरी अर्धा इंची लागतं ते कारच्या चाकाला, आणि तिथे दांडा फिरवायला जागेची ददात नसते. तीन सुती गोट्या अब्बांच्या लहान रॅचेटबरोबरच्या होत्याच, फक्त १२ नंबरची हरवली होती, ती सुटी मिळाली. सुट्या गोट्या घेताना आत सहा कंगोऱ्यांची मागा. बारा कंगोऱ्यांची चटकन बसते, पण गंजलेल्या किंवा कोपरे गेलेल्या नटावर घसरते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल एक सांगायचं राहिलं आणि ते राहून चालणार नाही. बॅटरीच्या टोकांचे नट काढायला रॅचेट सोयीचं, पण दांडा पोलादाचा असतो. तो चुकून दोन्ही टोकांना टेकला तर बारा व्होल्टच्या बॅटरीतूनही एवढा प्रवाह वाहतो की पोलाद लाल होतं आणि ठिणग्या उडतात. आधी उणे टोक सोडवा, जोडताना ते शेवटी जोडा, दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि हातातली अंगठी-बांगडी काढून ठेवा. आम्हां बायकांना हे शेवटचं कुणी सांगत नाही, कारण आम्ही हे काम करू असं कुणाला वाटत नाही.

मोटर पुढच्या रविवारी उघडली. रात्री तेल मारून ठेवलं होतं. चारही बोल्ट आधी फ्लेक्स हँडलने सैल केले, त्यासाठी खुंटाचं माप जुळवणारा छोटा अडॅप्टर लावावा लागला. मग नव्या रॅचेटने मुलीने ते भराभर काढले. जिन्याखालच्या त्या अँगलपाशी मूठ फिरायला तीन बोटं जागा होती आणि ती पुरली. आत पालापाचोळा आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा अडकला होता. टाकी भरायला लागली तेव्हा अम्मी जिन्यात येऊन उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेरे अब्बा भी टेप लगाते थे हैंडल पे."

राहिलं ते मोडकं रॅचेट. मोडकं हत्यार पेटीत परत ठेवायचं नसतं; सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी ते उचलतं आणि त्याचा हात जातो. भाऊ ईदला आला की पेटीत हात घालणारच. भंगारात द्यावंसंही वाटेना. शेवटी मी झाकणी कायमची काढली, कुत्ता आणि चाक दिसतील असं ते लाकडाच्या फळीवर बसवलं आणि शाळेत नेलं. सहावीला कोन शिकवताना आता ते टेबलावर असतं. मुलं एकेक दात सरकवतात आणि कोनमापकाने मोजतात. परवा मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "टीचर, याला चोवीस दात नाहीत. बावीसच आहेत." शेजारच्याने मोजले तर चोवीस. दोघांचं भांडण तास संपेपर्यंत चाललं.